गल्लीतला कॅमेरा आणि परक्यांची करमणूक

मोहल्ल्याची गोष्ट कोणी सांगायची, हा मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्याही आधीपासून आमची तक्रार एकच होती. मराठी कथा-कादंबरीत आमचा माणूस येतो तो एक तर शिरखुर्म्याची वाटी घेऊन किंवा हातात सुरा घेऊन. पुढे दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आल्या आणि मोहल्ल्यात कॅमेरा शिरला तोही दंगल, स्फोट किंवा अटक झाली म्हणूनच. त्यामुळे 'आपल्या माणसाच्या हाती कॅमेरा आला की चित्र पालटेल' असे एक समीकरण आमच्या मनात पक्के बसले. आज प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा हे समीकरण तपासून पाहायला हवे, आणि ते तपासण्यासाठी शिकागो शहरासारखी दुसरी जागा आम्हाला दिसत नाही. तिथे गेल्या पंधरा वर्षांत वस्तीतल्या रॅप संगीताच्या अवतीभोवती यूट्यूबवरच्या वाहिन्यांचा एक व्यवहारच उभा राहिला. तो अत्यंत लोकप्रिय झाला आणि तितकाच बदनामही झाला. या वाहिन्यांकडे आम्ही इथे एक कथनप्रकार म्हणून पाहणार आहोत. कारण काही झाले तरी त्या गोष्टच सांगतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिप-हॉपचा जन्म १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत २०१०च्या सुमारास त्याची एक शाखा फुटली, तिचे नाव 'ड्रिल'. तिथल्या बोलीत या शब्दाचा अर्थ वैऱ्यावर चाल करून जाणे, गोळ्या घालणे असा होतो. २०१२ साली चीफ कीफ या सोळा वर्षांच्या मुलाने 'आय डोन्ट लाइक' हे गाणे चित्रित केले, तेव्हा तो न्यायालयाच्या आदेशाने आजीच्या घरात स्थानबद्ध होता. घराबाहेर पाऊल टाकायला बंदी, म्हणून चित्रीकरणही घरातच झाले. खोलीत जमलेली मित्रमंडळी आणि वस्तीतलाच एक हौशी दिग्दर्शक, एवढाच त्याचा सरंजाम होता. ना रेकॉर्ड कंपनी, ना रेडिओ. ही चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली आणि शहरातल्या प्रत्येक गल्लीतल्या पोरांना कळून चुकले की जगापर्यंत पोहोचायला आता कुणाची परवानगी लागत नाही.

इथवरची कथा आम्हाला आपलीशी वाटते. ज्यांना प्रस्थापितांनी दार बंद केले, त्यांनी खिडकी शोधली. पण त्या खिडकीबाहेर कोण येऊन उभे राहिले, ते पाहिले पाहिजे.

या वस्त्यांना जगाने दिलेले नाव 'शिराक' हे. शिकागो आणि इराक यांची सांगड घालून तयार केलेला हा शब्द. तो वस्तीतल्याच पोरांच्या तोंडी रुळला, पुढे माध्यमांनी उचलला आणि २०१५ साली स्पाइक ली यांनी त्याच नावाचा चित्रपटही काढला. या शब्दापाशी आम्हाला थांबावेसे वाटते. अमेरिकेच्या फौजा २००३ साली इराकमध्ये उतरल्या. बगदाद ही कधीकाळी जिथे ग्रंथांची भाषांतरे झाली ती नगरी. ती बेचिराख झाली आणि काही वर्षांतच त्या देशाचे नाव अमेरिकेतल्या मुलांच्या तोंडी 'जिथे माणसे स्वस्तात मरतात ती जागा' एवढ्याच अर्थाने उरले. ही मुले स्वतः गरीब, त्यांच्यावर दोष ठेवण्यात अर्थ नाही. मात्र एका उद्ध्वस्त कौमचे नाव दुसऱ्या उद्ध्वस्त वस्तीला बिरुद म्हणून लावले जाते, आणि त्या बिरुदावर तिसराच कोणी पैसा कमावतो, ही उतरंड आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटू नये.

हा तिसरा म्हणजे डीजे अकॅडेमिक्स. जन्म जमैकाचा, वास्तव्य न्यू जर्सीचे, शिकागोशी संबंध पडद्यापुरता. त्याने 'द वॉर इन शिराक' नावाची यूट्यूब वाहिनी चालवली. कोणत्या टोळीतल्या रॅपरने कोणाला डिवचले, कोणाच्या मित्राचा खून झाला, त्यावर कोण काय म्हणाला, हे सारे तो क्रिकेटच्या समालोचनाच्या थाटात सांगत असे. त्याच्या शैलीत एक कसब आहे, ते नाकारून समीक्षा होत नाही. उत्सुकता ताणणे, आवाजाची चढउतार, पात्रांची ओळख करून देण्याची हातोटी हे सगळे त्याला साधते. आमच्याकडच्या बतावणीतल्या सोंगाड्यालाही त्याचा हेवा वाटावा. पण सोंगाडा ज्याची टर उडवतो तो सरकार किंवा सावकार असतो. इथे टर उडते ती मेलेल्या पोराची.

२०१२ च्या सप्टेंबरमधली एक घटना या सगळ्या प्रकाराची नांदी म्हणता येईल. लिल जोजो नावाचा अठरा वर्षांचा रॅपर चीफ कीफच्या गटाला गाण्यातून डिवचत होता. आपण कुठे आहोत हे त्याने ट्विटरवर लिहिले आणि त्यानंतर काही तासांत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्या काळात अशा मृत्यूंचे रूपांतर मालिकेच्या भागांत झाले. एकेका गटाची बाजू घेणारे प्रेक्षक तयार झाले. कोणाचे किती पडले याची मोजदाद होऊ लागली. मेलेल्याचे नाव ही शिवी झाली, आणि ती शिवी कुणाच्या मुलाच्या नावाची आहे हे कळायला प्रेक्षकाला त्या गल्लीत जाण्याची गरज राहिली नाही. २०१७ साली 'एव्हरीडे स्ट्रगल' या कार्यक्रमात शिकागोचाच रॅपर विक मेन्सा याने अकॅडेमिक्सला समोरासमोर जाब विचारला. आमच्या शहरातल्या तरुणांच्या मरणावर तू विनोद करतोस आणि त्यातून कमावतोस, हा त्या संतापाचा आशय होता. गंमत अशी की हा जाबही लाखोंनी पाहिला आणि तोही करमणुकीचाच एक भाग झाला.

या वाहिन्यांवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप म्हणजे त्या हिंसा दाखवतात. आम्हाला हा आक्षेप लंगडा वाटतो. हिंसा असेल तर दाखवावीच लागेल. खरा आक्षेप त्या काय दाखवत नाहीत याबद्दल घ्यायला हवा. दक्षिण शिकागोत रॉबर्ट टेलर होम्स नावाची सरकारी घरांची वसाहत होती, सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारती. त्या पाडण्याचे काम २००७ साली पुरे झाले. हजारो कुटुंबे शहरभर विखुरली. जुन्या मोठ्या टोळ्यांची चौकट मोडली आणि तिच्या जागी एकेका गल्लीच्या, नाक्याच्या बारक्या टोळ्या उगवल्या. त्यांना ना कोणी म्होरक्या, ना कोणाचा धाक. २०१३ साली महापालिकेने एका दमात सुमारे पन्नास सरकारी शाळा बंद केल्या, बहुतेक याच भागांतल्या. एका गल्लीतली मुले दुसऱ्या गल्लीच्या शाळेत जाऊ लागली, म्हणजे रोज वैऱ्याचा नाका ओलांडू लागली. ड्रिलच्या एकेका गाण्यामागे हा भूगोल आहे. 'युद्धा'चे समालोचन करणाऱ्याला मात्र तो लागत नाही. त्याला फक्त दोन बाजू लागतात.

सगळ्यात जास्त बदनाम झालेल्या 'ओ ब्लॉक'चेच पाहा. २०११ साली मारल्या गेलेल्या एका वीस वर्षांच्या मुलाच्या नावावरून हे नाव पडले. त्या जागेचे मूळ नाव पार्कवे गार्डन्स. १९५०च्या दशकात बांधलेली ही वसाहत कृष्णवर्णीयांच्या सहकारी मालकीच्या अमेरिकेतल्या पहिल्या गृहसंस्थांपैकी एक. मिशेल ओबामा यांचे अगदी लहानपण तिथे गेले. २०११ मध्येच तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत झाली. वस्तीने उभ्या केलेल्या सहकाराची जागा आणि मेलेल्या पोराच्या नावाची जागा, दोन्ही एकच. जगभरच्या प्रेक्षकाला मात्र दुसरीच ठाऊक आहे. आता तर दूरदूरचे लोक हाती फोन घेऊन तिथे 'धाडस' करायला जातात आणि गेटासमोर उभे राहून स्वतःचे चित्रण करतात.

इथपर्यंत आमचे वाचक म्हणतील, हा तर परका माणूस, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? म्हणून आता आपल्या माणसाकडे वळू.

झॅक स्टोनर हा शिकागोचाच. 'झॅकटीव्ही' या नावाने त्याची वाहिनी होती आणि तिचे लाखाहून अधिक वर्गणीदार होते. तो घरात बसून बोलत नसे. माईक घेऊन थेट गल्लीत जाई, पोरांच्या घोळक्यात उभा राही आणि विचारी : ही गल्ली कोणाची? हे नाव कसे पडले? तू गायला कधी लागलास? ज्या वस्त्यांत शहरातले वार्ताहर फक्त पोलिसांच्या गाडीमागून येत, तिथे याला लोक नावाने हाक मारीत. अनोळखी रॅपरला त्याच्या माईकमुळे पहिले श्रोते मिळाले. २०१७ साली शिकागोलगतच्या रोझमाँटमध्ये एका हॉटेलच्या शीतगृहात एकोणीस वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी मृत सापडली. अधिकृत निष्कर्ष अपघाताचा होता. त्या प्रकरणाचा पाठपुरावा झॅकने केला आणि त्यामुळे त्याचे नाव शहराबाहेरही गेले. शैली म्हणाल तर त्याची काहीच नव्हती. चौकट हलते, मागून कुणीतरी ओरडते, प्रश्न अर्ध्यावर तुटतो. आम्हाला तीच त्याची सचोटी वाटते. त्याच्या मुलाखतीत पोरगा 'पात्र' होत नाही. तो आढेवेढे घेतो, फुशारकी मारतो, मधेच आईबद्दल बोलतो.

आणि तरीही. 'ही गल्ली कोणाची, तुम्ही कोणाच्या विरुद्ध?' हा प्रश्न गल्लीतला माणूस विचारतो तेव्हा तो जिव्हाळ्याचा असतो. त्याचे उत्तर यूट्यूबवर चढले की ते चार जण ऐकतात. एक, बाजूच्या गल्लीतला वैरी. दोन, पोलीस. तीन, कुठल्या तरी दूरच्या शहरात जेवताना करमणूक शोधणारा मुलगा. चार, न्यू जर्सीतला समालोचक, जो त्यातले पंधरा सेकंद कापून आपल्या 'युद्धा'त वापरतो. ज्या वस्तीने उत्तर दिले ती या चौघांत कुठेच नाही, कारण तिला गल्ली कोणाची हे आधीच ठाऊक असते. म्हणजे प्रश्न आपल्या माणसाने विचारला, उत्तर आपल्या माणसाने दिले, पण संभाषण मात्र परक्यांसाठी झाले. ३० मे २०१८ च्या पहाटे शहराच्या मध्यभागी मोटारीतून जात असताना झॅक स्टोनरला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची वाहिनी आणि त्याचा खून यांच्यात सरळ रेघ ओढण्याचा मोह अनेकांना झाला. आम्ही ती ओढणार नाही. मात्र त्या मरणाचीही मालिका झाली, तर्कवितर्कांचे भाग निघाले, हे नमूद करणे भाग आहे.

हा परका प्रेक्षक नेमका कोण, याचा शोध समाजशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्टुअर्ट यांनी 'बॅलड ऑफ द बुलेट' (२०२०) या पुस्तकात घेतला आहे. ड्रिल गाणाऱ्या एका गटाबरोबर ते दीर्घकाळ राहिले. त्यांचे निरीक्षण असे की पडद्यावर दाखवलेला पुष्कळसा दरारा हा बतावणीचा असतो. बंदूक उसनी, नोटांचे बंडल उसने. अमली पदार्थांच्या धंद्यातली कमाई आटल्यावर पोरांच्या हाती विकण्याजोगे एकच उरले, ते म्हणजे स्वतःची भयंकर प्रतिमा. गिऱ्हाईक मात्र बहुधा खात्यापित्या घरचे, सुरक्षित. ते पाहतात, चेवतात आणि झोपी जातात. पोराला त्या प्रतिमेसह बसथांब्यावर उभे राहावे लागते.

न्यायालयातही तीच प्रतिमा उभी राहते. एफबीजी डक या रॅपरने २०२० च्या उन्हाळ्यात ओ ब्लॉकच्या मृतांची नावे घेऊन हिणवणारे गाणे काढले आणि ४ ऑगस्टला शहरातल्या श्रीमंती बाजारपेठेत भरदिवसा त्याचा खून झाला. त्या खटल्यात २०२४ च्या जानेवारीत सहा जण दोषी ठरले. गाणी आणि चित्रफिती त्या खटल्यात पुरावा म्हणून मांडल्या गेल्या. गुन्हा गुन्हाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न पुराव्याच्या वाचनाचा आहे. कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे, हे आपण महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवतो. रॅपरला हा नियम का लागू नसावा? कॅलिफोर्निया राज्याने २०२२ साली कायदा करून गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून वापरण्यावर काही मर्यादा घातल्या. मुशायऱ्यातल्या एखाद्या नज्मवरून कोतवालीत बोलावणे येण्याचा अनुभव ज्या समाजाला परका नाही, त्याला या कायद्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्या अंगणात येऊ. २०१४ साली कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, 'आफत' हे गाणे आयपॅडवर चित्रित केले. आपली गल्ली, आपली बोली, आपलेच मित्र. चीफ कीफच्या आजीच्या खोलीपासून हे फार दूर नाही. फरक असा की कुर्ल्याच्या गाण्यात बंदूक नव्हती. २०१९ साली 'गली बॉय' चित्रपट आला आणि 'झोपडपट्टीतला रॅपर' शोधत माध्यमे धारावी-कुर्ल्यात फिरू लागली. धारावीचा एमसी अल्ताफ असो, पुण्याचा एमसी स्टॅन असो की एमिवे बंटाय, मोहल्ल्यातल्या पोरांनी या कलाप्रकारात जे नाव कमावले ते आमच्या साहित्यसंमेलनांच्या नजरेतून जवळजवळ निसटले, ही वेगळी खंत. २०१८ मध्ये एमिवे आणि रफ्तार यांच्यात गाण्यांतून जुंपली तेव्हा त्या भांडणाचा अर्थ लावून सांगणाऱ्या चित्रफितींचे पेव फुटले. कोणी कोणाला काय म्हटले, कोण जिंकला, आता पुढे काय? भाषा तीच, समालोचनाची. इथे रक्त सांडले नाही, कारण इथली परिस्थिती वेगळी आहे. पण प्रेक्षकाला सवय लागली ती तीच. उद्या कुणी माईक घेऊन मुंब्र्यात किंवा मालेगावात उभा राहिला आणि 'ये गली किसकी?' असे विचारू लागला, तर तो आपलाच मुलगा असेल आणि त्याचे आम्ही कौतुकही करू. त्या प्रश्नाचे उत्तर कोण कोण ऐकत आहे, याचा हिशेब आमच्या देशात शिकागोहून अधिक कडक आहे, हे मात्र त्याला कोणी सांगेल काय?

शिकागोत याहून वेगळे काही होतच नाही असे नाही. दक्षिण-पश्चिम भागात 'इमान' ही मुस्लिम संस्था १९९७ पासून काम करते. दवाखाना, घरांची दुरुस्ती, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, आणि त्याच्या जोडीला हिप-हॉपचा रंगमंच. सुआद अब्दुल खबीर यांचे 'मुस्लिम कूल' (२०१६) हे पुस्तक याच परिसरात फिरून लिहिलेले आहे. ते मराठीत कोणी आणले तर आम्हाला हवेच आहे.

पण 'आतला' आणि 'बाहेरचा' या वाटणीनेच सारे काही ठरते, असा समज आम्ही बाळगून होतो तो मराठी साहित्याच्या इतिहासालाही पुरता पटत नाही. १९७२ च्या 'गोलपिठा'ला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ते बाहेरचे. लिहिण्याआधी ते ढसाळांबरोबर तो भाग पायी फिरले आणि न कळलेले शब्द विचारून घेतले. वस्तीच्या तोंडून ऐकून मग बोलणारा हा बाहेरचा माणूस होता. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि त्या ब्लॅक पँथरचा शिकागोतला तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन तीन वर्षांपूर्वीच पोलिसांच्या गोळीने गेला होता.

४ डिसेंबर १९६९ ची ती पहाट. हॅम्प्टन एकवीस वर्षांचा होता. सरकारी वकिलांनी सांगितले की दोन्हीकडून गोळ्या सुटल्या. 'शिकागो ट्रिब्यून'ने आतून झाडलेल्या गोळ्यांची भोके म्हणून छायाचित्रे छापली. त्या घराला पोलिसांनी सील ठोकले नव्हते. एका छोट्या चित्रपटगटाचे गोरे लोक कॅमेरा घेऊन आत शिरले आणि त्यांनी भिंत न् भिंत टिपली. त्यातून पुढे १९७१ साली हॅम्प्टनच्या खुनावरचा माहितीपट झाला. पँथरांनी घराचे दार लोकांसाठी उघडे ठेवले. शेजारपाजारचे हजारो लोक, म्हातारे, बायका, शाळकरी मुले रांग लावून आले. खोल्यांतून हळूहळू फिरले आणि दारे-भिंती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून गेले. वर्तमानपत्राने गोळ्यांची भोके म्हणून छापलेल्या खुणा खिळ्यांची डोकी निघाली.